बेचाळिसाव्या वर्षी बंद केलेला दवाखाना : डॉ. श्रीराम लागूंच्या एका निर्णयाचा अभ्यास

नाट्यशिबिराच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी, चहाच्या सुट्टीत, कुणीतरी मला बाजूला घेऊन विचारतंच. “सर, नोकरी सोडावी म्हणतोय.” मी काही बोलायच्या आत पुढचं वाक्य तयार असतं, “लागूंनी प्रॅक्टिस सोडलीच होती की!” गेली कित्येक वर्षं हे वाक्य मी ऐकतो आहे. विचारणाऱ्याचं वय बहुतेक वेळा पंचविशीच्या अलीकडे-पलीकडे. घरी आईवडिलांशी खटके उडालेले असतात, आणि डॉक्टरांचं नाव त्याच्या हातात हुकमाच्या पानासारखं असतं.

या मुलांना परतवून लावणं मला जमत नाही आणि नुसती पाठ थोपटणंही जमत नाही. म्हणून एकदा हे प्रकरण तारखा समोर ठेवून नीट बघायचं ठरवलं. कान-नाक-घशाच्या एका सर्जनने चालता व्यवसाय सोडून पूर्णवेळ नट व्हायचं ठरवलं, ही गोष्ट १९६९ मधली. तिच्याआधी काय होतं, ती कोणत्या बाजारात घडली, तिची किंमत काय पडली आणि ती कशातून भागवली गेली, एवढंच मला बघायचं आहे. डॉक्टरांच्या सगळ्या भूमिकांचा आढावा इथे मिळणार नाही. तो घ्यायचा तर एक जाड ग्रंथ लागेल.

सोडलं ते काय

श्रीराम बाळकृष्ण लागू यांचा जन्म १६ नोव्हेंबर १९२७ चा, साताऱ्याचा. शिक्षण पुण्यात. भावे हायस्कूल, फर्ग्युसन आणि मग बी. जे. मेडिकल कॉलेज. कान-नाक-घशाच्या शस्त्रक्रियांचं शिक्षण पुरं करून त्यांनी पुण्यात सहा वर्षं व्यवसाय केला. पुढच्या प्रशिक्षणासाठी ते कॅनडा आणि इंग्लंडला जाऊन आले. साठच्या दशकात पुण्यात आणि टांझानियातल्या टाबोरा इथे त्यांनी डॉक्टरकी केली. १९६९ मध्ये ती थांबवून ते मराठी रंगभूमीवर पूर्णवेळ नट म्हणून उभे राहिले. तेव्हा त्यांना बेचाळिसावं वर्ष चालू होतं.

शिबिरातली मुलं ‘नोकरी सोडली’ म्हणतात, पण सर्जनचा व्यवसाय सोडणं ही त्याहून अवघड गोष्ट आहे. नोकरी सोडणाऱ्याला दोन वर्षांनी दुसरी नोकरी शोधता येते. सर्जनला हात चालता ठेवावा लागतो. त्याच्याकडे पेशंट पाठवणाऱ्या डॉक्टरांशी संबंध ठेवावे लागतात. दवाखाना दोन-तीन वर्षं बंद राहिला की पेशंट दुसरा डॉक्टर धरतात, आणि एकदा बरा झालेला माणूस आपला डॉक्टर सहसा बदलत नाही. शिवाय परदेशात घालवलेली वर्षं, त्यासाठी झालेला खर्च, घरच्यांनी धरलेली अपेक्षा, हे सगळं दवाखान्याच्या पाटीमागे उभं असतं. चाळिशी ओलांडलेल्या माणसाला हे परत पहिल्यापासून उभारता येत नाही. डॉक्टरांनी दार बंद केलं ते परत उघडण्याजोगं नव्हतं, हे आधी मनात पक्कं धरायला हवं.

आणि धरलं ते काय? जुन्या नाटक कंपन्यांत नटाला पगार असे, कंपनीच्या बिऱ्हाडात जेवणखाण असे. बोलपट आल्यावर ती व्यवस्था मोडली. लागू आले तेव्हाची व्यावसायिक रंगभूमी ‘नाइट’वर चालत होती, आजही चालते. प्रयोग झाला की नटाच्या हातात नाइट, म्हणजे त्या प्रयोगाचे पैसे, नाही झाला की काही नाही. निर्माती संस्था, प्रयोग विकत घेणारे कंत्राटदार, गावोगावचे दौरे, सेट आणि माणसं एकत्र वाहून नेणारी बस, असा तो धंदा. त्या वर्षांत धंद्याला बरकत होती हेही खरं. पुण्यात बालगंधर्व रंगमंदिर १९६८ मध्ये उघडलं होतं, मुंबईत शिवाजी मंदिरावर ‘हाऊसफुल्ल’चे बोर्ड लागत होते. तरी नटाला आजारपणाची रजा नव्हती आणि म्हातारपणाची तरतूद नव्हती. एका स्थिर मिळकतीच्या माणसाने रोजच्या प्रयोगावर पोट टांगून घेतलं, असं साध्या शब्दांत म्हणता येईल.

त्याआधीची दोन दशकं

इथवर गोष्ट सांगितली की ऐकणाऱ्याला ती उडी वाटते. मलाही तरुणपणी तशीच वाटायची. तारखा लावल्यावर ती वाटेनाशी झाली.

कॉलेजच्या दिवसांपासून लागू नाटकं करत होते. भालबा केळकर आणि इतर समानधर्मी मित्रांबरोबर ‘प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन’, म्हणजे पुणेकरांची पीडीए, या संस्थेत त्यांनी वर्षानुवर्षं काम केलं. वसंत कानेटकरांचं पहिलं नाटक ‘वेड्याचं घर उन्हात’ पन्नासच्या दशकात पीडीएने रंगमंचावर आणलं, त्यात लागू होते. मुंबईतल्या ‘रंगायन’ या प्रायोगिक नाट्यसंस्थेशीही त्यांचा संबंध आला. म्हणजे कॉलेज सोडल्यापासून व्यावसायिक रंगभूमीवर पाऊल ठेवेपर्यंत, परदेशातला काळ वगळला तरी, हा माणूस दिवसा घसे तपासत होता आणि संध्याकाळी तालमीला जात होता.

हौशी संस्थेत काम केलेल्यांना या वाक्याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. दिवसभर काम करून तालमीला पोचायचं. दोन माणसं उशिरा येतात, एक येतच नाही, मग त्याचे संवाद दुसऱ्याने वाचायचे. महिना-दीड महिना तालीम करायची आणि प्रयोग किती, तर मोजून दोन किंवा तीन. पैसे मिळायचे नाहीत, उलट खिशातले जायचे. पण तिथे नट अपयशी ठरू शकतो, आणि त्यामुळे त्याच्या घरची चूल विझत नाही. भूमिका फसली तर दुसऱ्या दिवशी तो दवाखान्यात जाऊन बसतो. फसण्याची अशी मुभा लागूंना दीर्घकाळ मिळाली, आणि त्यांनी ती पुरेपूर वापरली. माझ्या मते या सगळ्या प्रकरणाचं मूळ इथे आहे. डॉक्टरकी ही त्यांच्या नाटकाच्या वाटेतली धोंड होती असं आपण समजतो. मला ती त्यांच्या नटपणाची शिष्यवृत्ती वाटते.

१९६९ मध्ये व्यावसायिक रंगभूमीवर त्यांनी पहिलं पूर्णवेळ पाऊल टाकलं ते ‘इथे ओशाळला मृत्यू’ या नाटकातून. लेखक पुन्हा वसंत कानेटकर. ज्या लेखकाच्या पहिल्या नाटकात काम केलं, त्याच्याच नाटकातून ते धंद्यात आले. अनोळखी बाजारात ओळखीच्या माणसाचं बोट धरून शिरावं, तसं हे झालं.

पहिल्याच वर्षात ‘गिधाडे’

प्रॅक्टिस सोडून वर्ष उलटतं न उलटतं तोच डॉक्टरांनी विजय तेंडुलकरांचं ‘गिधाडे’ दिग्दर्शित केलं. हे नाटक लिहून झाल्यावर कित्येक वर्षं कुणी करायला धजलं नव्हतं. त्यातली शिवीगाळ, बापलेकांची मारामारी, गर्भपाताचा प्रसंग, हे सगळं नाटकांना परवानगी देणाऱ्या परिनिरीक्षण मंडळाला पचणारं नव्हतं. मंडळाशी झगडा झाला. साडीवर दिसणारा रक्ताचा लाल डाग चालणार नाही असं ठरल्यावर तो निळा करण्यात आला, आणि हा डाग लाल समजावा असं प्रेक्षकांना आधीच सांगण्यात आलं, ही हकीकत मराठी नाट्यवर्तुळात आजही सांगितली जाते.

शिबिरात मी या जागी नेहमी थांबतो. आपली मिळकत नुकतीच बंद झालेली आहे, घर चालवायचं आहे, आणि अशा वेळी माणूस कोणतं नाटक हाती घेतो? ज्याचे फारसे प्रयोग होणार नाहीत, ज्याच्यावरून वाद होणार हे उघड आहे, असं. पैशासाठी व्यवसाय बदलणारा माणूस हे करत नाही. प्रसिद्धीसाठी बदलणाराही करत नाही, कारण ‘गिधाडे’ने मिळते ती प्रसिद्धी घरच्यांना सांगण्याजोगी नसते. डॉक्टर नाटकाच्या धंद्यात आले होते, पण धंद्याची आवड-निवड त्यांनी घेतली नव्हती. पुढची तीस वर्षं हा ताण त्यांच्या कामात दिसत राहतो, एका बाजूला ‘नाइट’चं नाटक आणि दुसऱ्या बाजूला मनातलं.

तेवीस डिसेंबर १९७०

मग आलं ‘नटसम्राट’. वि. वा. शिरवाडकरांचं नाटक, दि गोवा हिंदू असोसिएशनची निर्मिती, पुरुषोत्तम दारव्हेकरांचं दिग्दर्शन. पहिला प्रयोग मुंबईत, बिर्ला मातुश्री सभागृहात, २३ डिसेंबर १९७० ला. शेक्सपिअरच्या लिअर राजाची सावली या नाटकावर आहे हे सर्वांना ठाऊक आहे. लिअरचा अनुवाद करावा ही सूचना शिरवाडकरांना नानासाहेब फाटकांनी केली होती. अनुवाद राहिला आणि त्याच्या जागी निवृत्त नट गणपतराव बेलवलकरांचं नाटक जन्माला आलं. शिरवाडकरांना त्यासाठी १९७४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

या भूमिकेविषयी इतकं लिहिलं गेलं आहे की पुन्हा लिहायला हात धजत नाही. पण प्रकरणाच्या दृष्टीने एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते आणि ती सहसा कुणी बोलत नाही. गणपतराव बेलवलकर हा साठी गाठलेला, आयुष्यभर रंगभूमी गाजवून निवृत्त झालेला नट आहे. त्याची भूमिका करणारा माणूस त्रेचाळीस वर्षांचा होता आणि पूर्णवेळ नट होऊन त्याला जेमतेम दीड-दोन वर्षं झाली होती. रंगभूमीवर आयुष्य घालवलेल्या माणसाचा थकवा, त्याचा माज, त्याची टाळीची चटक, हे सगळं नुकत्याच धंद्यात आलेल्या माणसाने अंगावर घ्यायचं होतं.

त्याहून मोठी अडचण अभिनयाच्या शैलीची होती. बेलवलकर जुन्या पठडीचा नट आहे. त्याच्या घशात पल्लेदार वाक्यं आहेत, हातवारे आहेत, शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारी फेक आहे. ऑथेल्लो, हॅम्लेट, सीझर त्याच्या अंगात भिनलेले आहेत आणि घरच्या भांडणातही तो त्यांच्याच भाषेत बोलू लागतो. लागू स्वतः त्या पठडीचे नव्हते. ते पीडीए आणि रंगायनच्या हवेतले, संयमाने, आतून काम करणारे नट. नव्या पद्धतीच्या नटाने जुन्या पद्धतीच्या नटाची भूमिका करायची, आणि तीही अशी की प्रेक्षकांना ती नक्कल वाटू नये. जुन्या शैलीची थट्टा झाली असती तर नाटक पडलं असतं. ती नुसतीच साभिनय उभी केली असती तर नाटक चाललं असतं, पण त्यातलं दुःख बाहेर आलं नसतं.

मला या भूमिकेची वीण अशी दिसते. बेलवलकरांचे तीन आवाज आहेत. एक घरातला. बायकोला, कावेरीला, ‘सरकार’ म्हणणारा, नातीत रमणारा म्हाताऱ्याचा आवाज. दुसरा रंगमंचावरचा, आठवणीतला, भरजरी. आणि तिसरा अगदी शेवटचा, रस्त्यावर आल्यावरचा, ज्यात पहिले दोन एकमेकांत असे मिसळतात की तो माणूस भूमिका आठवतो आहे की स्वतःविषयी बोलतो आहे हे त्यालाही सांगता येत नाही. नवशिका नट दुसऱ्या आवाजाच्या प्रेमात पडतो. शाळा-कॉलेजांच्या एकपात्री स्पर्धांत दरवर्षी जे असंख्य बेलवलकर उभे राहतात, ते सगळे या दुसऱ्या आवाजातच अडकलेले असतात. मी परीक्षक म्हणून असे कितीतरी ऐकले आहेत, आणि त्या मुलांचा राग येत नाही, कारण तो आवाज मोहवणाराच आहे. पण पहिला आवाज खरा नसेल तर दुसऱ्याला आधार नाही, आणि दोन्ही नसतील तर तिसरा फुटतच नाही.

पहिला आवाज कुठून येतो? तालमीतून थोडा. बाकीचा जगण्यातून. चाळिशीपर्यंत लागूंनी किती म्हातारे पाहिले असतील याचा मी कधीकधी विचार करतो. ऐकू कमी येणारे, घशाचं दुखणं घेऊन आलेले, मुलाने ‘डॉक्टरांना दाखवून या’ म्हणून पाठवलेले, आणि तपासून झाल्यावरही खुर्चीतून न उठणारे, कारण कुणाशी तरी बोलायचं असतं. हे त्यांनी कुठे लिहून ठेवलं आहे असं मी म्हणत नाही, हा माझा तर्क आहे. पण दवाखाना चालवलेल्या कोणालाही ही माणसं ओळखीची असतात.

कावेरीच्या भूमिकेत शांता जोग होत्या. आज ‘नटसम्राट’ म्हटलं की फक्त लागूंचं नाव निघतं, हा त्यांच्यावर अन्याय आहे. बेलवलकरांचा तो घरातला आवाज समोर कावेरी असल्याशिवाय निघतच नाही.

शरीराने दिलेलं बिल

या भूमिकेने नटांचं रक्त आटवलं, असं मराठी रंगभूमीवर म्हणतात. पुढे दत्ता भट, सतीश दुभाषी, यशवंत दत्त अशा तगड्या नटांनी ती केली आणि प्रत्येकाने तिचं ओझं वाहिलं. लागूंना हृदयविकाराचा झटका आला तेव्हा लोकांनी त्याचा संबंध सरळ बेलवलकरांशी जोडला. एखाद्या भूमिकेमुळे हृदयविकार होतो असं म्हणायला मी धजणार नाही. पण दौऱ्यातले प्रयोग, रात्रीचे प्रवास, वेळी-अवेळी जेवण आणि त्यात रोज तीन तास स्वतःला पिळून काढणं, याचा शरीरावर काय परिणाम होतो हे डॉक्टरला कुणी सांगायची गरज नव्हती. ते कळत असूनही ते करत राहिले, याने मला दर वेळी अस्वस्थ व्हायला होतं.

नोकरी सोडू पाहणाऱ्या मुलांच्या हिशेबात ही रक्कम कधीच नसते. पैसे किती मिळतील, काम किती मिळेल, हे ते विचारतात. तब्येतीचं कुणी विचारत नाही. नाइटवर जगणाऱ्या नटाला आजारपण दोनदा लागतं, एकदा अंगाला आणि एकदा मिळकतीला.

मग घर कशावर चाललं

१९७२ मध्ये व्ही. शांताराम यांचा ‘पिंजरा’ आला. तमासगिरिणीच्या पायी धुळीला मिळणारा आदर्शवादी मास्तर महाराष्ट्राच्या गावागावांत पोचला. नाटकाने जे नाव शहरांत झालं होतं, ते सिनेमाने वाड्या-वस्त्यांवर नेलं. त्याच वर्षी रंगभूमीवर कानेटकरांचं ‘हिमालयाची सावली’ आलं. मग जब्बार पटेलांचा ‘सामना’, १९७५ च्या बर्लिन महोत्सवात गेलेला. त्यात लागूंचा दारुडा मास्तर आणि निळू फुलेंचा हिंदुराव धोंडे पाटील समोरासमोर आहेत. अभिनय शिकणाऱ्याने तो सिनेमा वहीत टिपणं काढत बघावा. फुले शांत बसून जागा व्यापतात आणि लागू हलत राहून ती जागा कुरतडतात. १९७९ मध्ये ‘सिंहासन’ आला, तिथेही दोघे आहेत.

हिंदी सिनेमा मात्र वेगळं प्रकरण आहे. शंभराहून अधिक हिंदी चित्रपटांत डॉक्टर दिसतात. ‘घरौंदा’साठी त्यांना सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्याचा फिल्मफेअर मिळाला, आणि तो मिळायलाच हवा होता. तरुण मुलीशी लग्न करणारा, वयाने मोठा, श्रीमंत मालक हे पात्र सरळसरळ खलनायकी करता आलं असतं. त्यांनी त्याला एकटेपणाची अशी झाक दिली की प्रेक्षकाला त्याचा धड रागही येत नाही. रिचर्ड अ‍ॅटनबरो यांच्या ‘गांधी’त ते गोपाळ कृष्ण गोखले झाले, मृणाल सेन यांच्या ‘एक दिन अचानक’मध्ये घरातून निघून गेलेले प्राध्यापक. पण या मोजक्या भूमिका सोडल्या तर बाकीचे वडील, न्यायाधीश, पोलीस अधिकारी आणि डॉक्टर मला आज आठवतही नाहीत, आणि मी त्यांचा चाहता आहे. ‘मुकद्दर का सिकंदर’ किंवा ‘लावारिस’सारख्या गर्दी खेचणाऱ्या चित्रपटांत त्यांना पाहताना बेलवलकरांचा नट कुठे गेला असा प्रश्न पडतो.

बरीच वर्षं मला याचं वाईट वाटायचं. आता मी ते वेगळ्या बाजूने बघतो. १९६९ पर्यंत दवाखाना जे काम करत होता, ते नंतर हिंदी सिनेमाने केलं. पोट त्याने सांभाळलं, आणि नाटकाची निवड मोकळी राहिली. गो. पु. देशपांड्यांचं ‘उद्ध्वस्त धर्मशाळा’ ते करू शकले, स्वतःच्या ‘रूपवेध’ संस्थेमार्फत. चौकशी समितीपुढे बसलेला एक डावा प्राध्यापक आणि जवळजवळ सगळं नाटक बोलण्यातलं. तिकीटखिडकीचा विचार करणारा निर्माता असल्या संहितेला हात लावत नाही. त्यामागे कुठल्यातरी स्टुडिओत घातलेला न्यायाधीशाचा काळा कोट आहे, असं मला वाटतं. मग त्या कोटाला नावं ठेवायला जीभ रेटत नाही.

आणि म्हणूनच ‘डॉक्टरांनी पोटाचा व्यवसाय सोडला’ हे वाक्य मला अपुरं वाटतं. त्यांनी तो बदलला. नाटकाला मोकळं ठेवायचं तर दुसऱ्या कशाने तरी घर चालवावं लागतं, ही पीडीएच्या दिवसांतली व्यवस्था त्यांनी शेवटपर्यंत मोडली नाही.

न सोडलेले डॉक्टर

त्याच पुण्यात, त्याच बी. जे. मेडिकल कॉलेजच्या आवारातून आलेली दोन माणसं या प्रकरणाशेजारी ठेवून बघावीत. जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ. दौंडला दवाखाना चालवत असतानाच त्यांनी ‘घाशीराम कोतवाल’ बसवलं आणि ‘सामना’ केला. मोहन आगाशे मानसोपचारतज्ज्ञ. अध्यापन आणि मानसिक आरोग्याच्या क्षेत्रातलं संस्थात्मक काम करत त्यांनी घाशीरामातला नाना फडणवीस केला आणि पुढे देशभरातल्या चित्रपटांत भूमिका केल्या. या दोघांनी लागूंसारखं दार बंद केलं नाही, आणि त्यांचं काम त्यामुळे हौशी दर्जाचं राहिलं असं कुणी म्हणणार नाही.

दुसऱ्या टोकाला डॉ. काशिनाथ घाणेकर. दंतवैद्य, आणि मराठी रंगभूमीचा पहिला सुपरस्टार म्हणून ज्यांचं नाव घेतात ते. त्यांनीही वैद्यकी मागे टाकली, पण ते लागूंसारख्या दीर्घ हौशी उमेदवारीनंतर नाही, आणि त्यांचा मार्ग टाळ्या-शिट्ट्यांच्या थेट प्रेमाचा होता. एकाच पिढीच्या आसपास चार डॉक्टर, चार तऱ्हा. शिबिरातल्या मुलांना यांतले तीन ठाऊकच नसतात. त्यांच्या हातात एकच पान असतं, आणि तेही अर्धं वाचलेलं.

पुढचं

सन्मान पुष्कळ झाले. १९७४ ला पद्मश्री, १९९७ ला कालिदास सन्मान, २०१० ला संगीत नाटक अकादमीची फेलोशिप. माझ्या लेखी त्यांपेक्षा ऐंशीच्या दशकातली एक हकीकत मोठी आहे. सामाजिक चळवळींत पूर्णवेळ काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना दरमहा मानधन मिळावं म्हणून ‘सामाजिक कृतज्ञता निधी’ उभारायचं ठरलं. बाबा आढाव, नरेंद्र दाभोलकर, निळू फुले यांच्याबरोबर डॉक्टर त्यात उतरले. निधीसाठी आचार्य अत्रे यांचं ‘लग्नाची बेडी’ नामवंत नटसंच घेऊन गावोगाव केलं. ज्या माणसाने स्वतः मिळकतीची हमी सोडली होती, तो दुसऱ्या क्षेत्रात हमी सोडलेल्यांसाठी पैसे गोळा करत दौरे करत होता. दाभोलकरांच्या अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामातही ते उघडपणे उभे राहिले आणि देवाला निवृत्त करा असं लिहून त्यांनी लोकांचा रोषही ओढवून घेतला. ही बेडरता आणि १९६९ चा निर्णय एकाच स्वभावातून आले असावेत, असं मला वाटतं. पटलं की करायचं, आणि लोकांना आवडेल का हे नंतर.

आयुष्याने त्यांना सोडलं नाही. मुलगा तन्वीर धावत्या लोकलवर कुणीतरी भिरकावलेला दगड लागून गेला. लागू दांपत्याने त्याच्या नावाने ‘तन्वीर सन्मान’ सुरू केला, आणि तो रंगभूमीवर काम करणाऱ्यांना दिला जातो. यावर मी अधिक काही लिहू शकत नाही.

आत्मचरित्राला त्यांनी नाव दिलं ‘लमाण’. इकडचा माल तिकडे पोचवणारा. लेखकाचे शब्द प्रेक्षकांपर्यंत नेणारा. पाठीवरचा माल कोणता घ्यायचा, हे मात्र या लमाणाने स्वतः ठरवलं. १९९९ मध्ये मकरंद साठे यांचं ‘सूर्य पाहिलेला माणूस’ अतुल पेठे यांनी बसवलं. लेखक-दिग्दर्शक दोघेही डॉक्टरांहून एका पिढीने लहान. विषय सॉक्रेटिस आणि त्याच्यावरचा खटला. गाणी नाहीत, विनोद नाही, विचारांनी ठासून भरलेले लांबच लांब संवाद. सॉक्रेटिस झाले होते डॉ. लागू, वय वर्षं एकाहत्तर. मोठमोठे परिच्छेद पाठ करून, तरुण मुलांबरोबर तालमी करून ते उभे राहिले. दवाखाना बंद करून तेव्हा तीस वर्षं झाली होती.